खापरपणजीची फारखत

गेल्या श्रावणात शिरूर तालुक्यातल्या एक ताई माझ्याकडे एक कागद घेऊन आल्या. मी मोडी वाचतो. लोक पेटीतले जुने कागद आणतात ते बहुतेक वेळा जमिनीच्या भांडणासाठी. ताईंना जमिनीचं काही नको होतं. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्या म्हणाल्या, "सर, आमच्या खापरपणजीला नवऱ्यानं टाकलं होतं का, एवढंच सांगा."

झालं होतं असं. त्यांच्या भावकीनं घराण्याची वंशावळ छापायचं ठरवलं. चुलतभावानं पुढाकार घेतला, घरातली पेटी उघडली आणि त्यातले मोडी कागद ओळखीतल्या एकाला दाखवले. त्या गृहस्थांना मोडी जुजबी येत होती. या कागदात त्यांना तीन गोष्टी लागल्या: शके १८०३ हे साल, खापरपणजीचं नाव आणि 'फारखत' हा शब्द. त्यावरून वंशावळीत खापरपणजीच्या नावापुढे कंसात छापलं गेलं, 'फारकत झाली'. चंपाषष्ठीला जेजुरीहून आल्यावर पुस्तिका घरोघर वाटल्या.

ताईंच्या आत्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी लहानपणी आपल्या आजीकडून या बाईबद्दल एकच गोष्ट ऐकली होती: "तिनं घर राखलं." आता छापील पुस्तकात तिला घराबाहेर काढलेलं दिसलं. आत्यांनी देव्हाऱ्यात ठेवलेली पुस्तिका उचलली, ट्रंकेत टाकली आणि भाच्याशी बोलणं बंद केलं. भाचा म्हणाला, मी काय मनानं लिहिलं का, कागदातच तसं आहे. दोघंही आपल्या जागी खरं बोलत होते, म्हणून मला हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

कागद

जाडसर देशी कागद, हाताच्या दीड वीत लांब. चार घड्यांचा, आणि घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे भोकं पडलेली. वर 'श्री', डाव्या हाताला समास सोडलेला. खाली उजवीकडे एक आण्याचं पावतीचं तिकीट, रंग उडून विटकरी झालेलं, आणि त्यावर बोरूनं मारलेली फुली. या तिकिटानंच मला पहिली शंका आली. वीस रुपयांच्या वरची रक्कम पोचल्याची पावती द्यायची तर त्या काळच्या कायद्यानं एक आण्याचं तिकीट लावावं लागे. नवराबायकोच्या सोडचिठ्ठीवर पावतीचं तिकीट कशाला येईल?

मोडीत आधी आडवी रेघ मारतात आणि अक्षरं तिला लटकवतात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद ठेवत नाहीत. त्यामुळे ओळखीचा शब्द दिसला की डोळा तिथे धाव घेतो आणि त्याच्या अलीकडचं पलीकडचं वाहून जातं. आधीच्या वाचकाचं नेमकं हेच झालं. त्यांनी वरचं पुरुषाचं नाव वाचलं, मधलं बाईचं नाव वाचलं, 'फारखत लिहून दिली' वाचलं आणि पुरुषाला नवरा ठरवलं.

मी ओळीनं वाचत गेलो. लिहून देणाऱ्याच्या नावापुढे त्याचं दुकान आणि पेठ आहे. बाईचं नाव 'कोम' या शब्दानं दुसऱ्याच पुरुषाला जोडलेलं आहे. जुन्या कागदांत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. म्हणजे नवरा वेगळा, लिहून देणारा वेगळा. आणि नवऱ्याच्या नावानंतर घडीवर एक शब्द फाटलेला होता. 'म' घडीच्या अलीकडे, 'यत' पलीकडे. फोनवर फोटो मोठा करून ताईंना दाखवला. मयत. शके १८०३ मध्ये, म्हणजे १८८१-८२ साली, हा नवरा जिवंतच नव्हता. मेलेला माणूस बायकोला फारकत देत नाही.

बाकीचा मजकूर साधा आहे. मयत नवऱ्यानं शके १७९६ मध्ये खतावर, म्हणजे कर्जाचा कागद लिहून देऊन, पाऊणशे रुपये घेतले. शके १७९९ मध्ये खत फिरवलं, म्हणजे जुन्याच्या जागी नवं लिहिलं, तेव्हा रक्कम ११२ झाली. ती व्याजासह बाईनं हप्त्याहप्त्यानं भरली. आता तुमच्याकडे किंवा तुमच्या लेकराबाळांकडे आमचं काही येणं राहिलं नाही, खत तुम्हाला परत केलं, म्हणून ही फारखत.

वाचून संपल्यावर ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "म्हणजे फारकत म्हणजे काडीमोड नाही?"

आहेही आणि नाहीही.

शब्द

'फारखत' हा दोन अरबी शब्दांचा जोड आहे आणि तो आपल्याकडे फारसी दरबारी भाषेतून आला. पहिला 'फारिग', म्हणजे रिकामा, मोकळा, काम उरकलेला. हिंदीत अजूनही 'फारिग होना' म्हणतात. जुन्या मराठीत 'फारीक' होता: देणं फारीक केलं, म्हणजे चुकतं केलं. दुसरा 'खत', म्हणजे रेघ, लिखाण, मग लिहिलेला कागद. गहाणखत, खरेदीखत, कर्जखत यांतला खत तो हाच. फारिग आणि खत जोडले की होतो मोकळिकीचा कागद. जुन्या व्यवहारात त्याला फारखती असंही म्हणत. गुजरातीत 'फारगती' म्हणतात, तिथे फारिगमधला ग अजून ऐकू येतो. मराठीत तो ख मध्ये मुरला आणि पुढे ख चाही क झाला. आपल्या जिभेला ही सवयच आहे. हिंदीतलं सीखना आपलं शिकणं होतं, भूख भूक होते, भीख भीक होते. तसंच फारखतचं फारकत झालं.

हा ख गेला आणि त्याबरोबर एक फार मोलाची गोष्ट गेली, असं मला वाटतं. 'फारखत' म्हणताना खत ऐकू येतं, कागद दिसतो. 'फारकत' म्हणताना कागद दिसत नाही. उलट कानाला जवळचा वाटतो तो 'फरक'. फरकाचं मूळ अरबीत वेगळं आहे, वेगळं करणं, विभागणं हा त्याचा अर्थ. पण मराठी कान काही धातू तपासत बसत नाही. फारकत ऐकली की दोघांत अंतर पडलं असंच मनात येतं. आज वर्तमानपत्रात 'युतीतून फारकत', 'पक्षाशी फारकत' वाचतो त्यात कुणाचं कुणाला देणं होतं आणि ते फिटलं, हा अर्थ शोधूनही सापडणार नाही.

काडीमोडीचा अर्थ मात्र आजचा नाही, तोही जुनाच आहे. ज्या जातींत पाट लागत असे, म्हणजे बाईचं दुसरं लग्न होत असे, तिथे नवऱ्यानं सोडलेल्या बाईला दुसरं घर करायचं तर पहिल्याचा हक्क उरला नाही हे दाखवावं लागे. पंचांसमोर काडी मोडली की झालं, असं पुष्कळ ठिकाणी होतं. पण कागद हाती असला तर पुढे कुणी वाद काढू शकत नसे. त्या कागदालाही फारखतच म्हणत. मराठीनं त्याचं आपल्या शब्दांत रूपही केलं, 'सोडचिठ्ठी'. सोड म्हणजे फारिग, चिठ्ठी म्हणजे खत. दोन्ही शब्दांची बांधणी तंतोतंत एक आहे.

इथे ताईंना मी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. आपण आज सभ्य शब्द म्हणून 'घटस्फोट' वापरतो. त्याचं मूळ बघितलं तर अंगावर काटा येतो. घटस्फोट हा मुळात पतित ठरवलेल्या माणसाला जातीबाहेर टाकण्याचा विधी. माणूस जिवंत असताना त्याच्या नावानं घट फोडायचा आणि तो आपल्यासाठी मेला असं जाहीर करायचं. त्यापुढे फारखत किती माणसासारखी आहे! तिच्यात कुणी कुणाला मेलं म्हणत नाही. तुझं माझं देणंघेणं फिटलं, तू मोकळी, मी मोकळा, एवढंच ती म्हणते. पोथीतल्या शब्दात बहिष्कार आहे, बाजारातून आलेल्या शब्दात हिशेब आहे. लग्न मोडलेल्या बाईसाठी यातला कुठला शब्द मानाचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझं मत मी ताईंना सांगितलं.

काळ

फारखतीला त्या वर्षांत काय किंमत होती, ते कळल्याशिवाय या कागदाचं मोल कळत नाही.

शिरूर तालुक्यातल्याच कर्डे गावात १८७४ च्या अखेरीस लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगल झाली आणि ती पुणे, नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरली. दख्खनचे दंगे म्हणून आपण शाळेत वाचतो ते हेच. लोकांनी सगळ्यात आधी काय मागितलं? वह्या आणि खतं. ती हाती आली की चौकात होळी. जिथे खतं मुकाट्यानं दिली तिथे बहुतेक वेळा सावकाराच्या अंगाला हात लागला नाही.

एवढा राग कागदावर का? अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले होते, शेतसारा वाढला होता, हे खरंच. पण रोजचा जाच निराळा होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जखतावर दावा लावायची मुदत तीन वर्षं ठरवली. हेतू कुळाचं, म्हणजे कर्ज घेणाऱ्याचं, भलं हाच होता, व्याज साचत राहू नये. सावकारानं त्यातून वाट काढली. तीन वर्षं भरत आली की खत फिरवायचं: जुनं मुद्दल, त्यावरचं व्याज, सगळं मिळून नवं मुद्दल, नवं खत. पाऊणशेचे एकशेबारा होतात ते असे. त्यात कुळाला पावती मिळत नसे. पैसे भरले तरी वहीत चढले की नाही हे सावकारालाच ठाऊक. फिटलेलं खत त्याच्याच पेटीत राही आणि कधीतरी त्याच खतावर दावा लागे. लिहिता न येणाऱ्या माणसाचं तोंड आणि लिहिलेलं खत समोरासमोर आले तर कचेरीत खत जिंकणार.

म्हणून त्या मुलखात कर्ज फेडणं आणि कर्जातून सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पैसे देऊन माणूस सुटत नसे, फारखत हाती आली तरच सुटे. चौकशीसाठी कमिशन बसलं, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा आला. भरलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा, दर वर्षी हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क त्यात शेतकऱ्याला मिळाला. कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा मिळाली.

आता ताईंच्या कागदाची सालं या शेजारी ठेवून बघा. पहिलं कर्ज शके १७९६ चं, दंग्यांच्या आगेमागे. खत फिरवलं शके १७९९ मध्ये, म्हणजे १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळाच्या ऐन मध्यात. फारखत शके १८०३ ची, नवा कायदा येऊन दोन-तीन वर्षं झाल्यावरची. कायद्याचं नाव कागदात नाही, आणि बाईनं तो दाखवून पावती मागितली असं मी म्हणणार नाही. पण ज्या सावकारानं इतकी वर्षं व्याज मोजलं, त्यानं ११२ रुपये फिटल्याचं तिकीट लावून लिहून दिलं आणि खत परत केलं, हे त्या मुलखात आपोआप होणारं काम नव्हतं. कुणीतरी त्याच्या दुकानात जाऊन, उभं राहून, ते मागून घेतलं आहे.

दुसरा कागद

मजकुरात 'खत परत केले' असं होतं, म्हणून मी ताईंना म्हणालो, पेटीत आणखी बघा, हा कागद एकटा नसणार. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. फारखतीच्या मागच्या घडीला आधी चिकटलेला असा दुसरा कागद होता. पेटी उघडली तेव्हा तो फाटका म्हणून बाजूला पडला होता.

फाटका होताच, पण जुनेपणानं फाटलेला नव्हता. वरून सरळ मध्यापर्यंत एक चीर दिलेली, जाणूनबुजून. फिटलेलं खत असं रद्द करून परत देत. ते शके १७९९ चं खत होतं, ११२ रुपयांचं, आणि ते खुद्द खापरपणजीनं लिहून दिलेलं होतं. म्हणजे तोवर नवरा गेला होता आणि दुष्काळात त्याचं कर्ज तिनं आपल्या नावावर घेतलं होतं. साक्षीदार दोन. एकाची सही, दुसऱ्याची नांगराची निशाणी. लिहिता न येणारे कुणबी तेव्हा सहीच्या जागी नांगर काढत. बाया बांगडी काढत. या खतावर खाली, तिच्या नावाशेजारी, एक छोटं वर्तुळ आहे. शाई थोडी फुटलेली, वर्तुळ पुरतं मिटलेलं नाही, जिथे सुरू झालं तिथून जरा वर जाऊन थांबलं आहे. बोरू क्वचितच हातात धरलेल्या माणसाची ती रेघ आहे.

ताई बराच वेळ त्या वर्तुळाकडे बघत राहिल्या.

त्यांनी स्वतः मागच्या वर्षी सोसायटीचं पीककर्ज पूर्ण भरलं होतं. पैसे भरल्यावरही सातबाऱ्यावरचा बोजा उतरायला चार महिने गेले, थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन तीनदा तालुक्याला जावं लागलं. त्या म्हणाल्या, "बोजा निघाला त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते. लोक हसले." मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मी त्यांना म्हणालो की तुमच्या खापरपणजीनंही काहीतरी गोड केलं असणार.

मग बोलता बोलता कर्जमाफीवर आलो. २०१७ च्या योजनेला लोक कर्जमाफीच म्हणत आले, २०१९ च्या योजनेच्या नावातच कर्जमुक्ती आली. शेतकरी चळवळीतली माणसं कितीतरी आधीपासून माफी या शब्दावर अडून बसायची. माफी गुन्ह्याची असते, आम्ही काय गुन्हा केला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. माफीत देणारा वर असतो आणि घेणारा खाली. फारखतीत तसं नाही. तिथे एकानं पूर्ण दिलं, दुसऱ्यानं पूर्ण घेतलं, आणि घेणाऱ्यानं तसं लिहून दिलं. या बाईला कुणी माफ केलेलं नाही.

वंशावळ

पुस्तिका पुन्हा छापणं परवडणारं नव्हतं. चुलतभावानं चूक कबूल केली, अगदी मोकळ्या मनानं, आणि चिकटवायच्या पट्ट्या छापून घेतो म्हणाला. पट्टीवर काय लिहायचं यावर पुन्हा वाद झाला. भावकीतले थोरले, त्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांचं म्हणणं होतं की 'फारखत' हा शब्दच नको, लोक परत तोच अर्थ घेतील. 'पतीचे कर्ज फेडले' असं स्वच्छ लिहा.

ताईंनी ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "आबा, कर्ज तर पुष्कळांनी फेडलं असेल. तिनं कागद घेतला." मला विचारलं तेव्हा मीही ताईंच्या बाजूनं बोललो. शब्द लोकांना चुकीचा कळतो म्हणून तो पुसला तर पुढच्या पिढीत कुणी पेटी उघडेल, फारखत वाचेल आणि पुन्हा तीच गाठ पडेल. आबांनी थोडे आढेवेढे घेतले आणि मग होकार दिला. पट्टीवर आता असं आहे: 'पतीनिधनानंतर कर्ज फेडून सावकाराकडून फारखत घेतली, शके १८०३.'

दोन्ही कागद लॅमिनेट करायचं चाललं होतं, ते मी थांबवलं. प्लॅस्टिकमध्ये एकदा गेलेला कागद पुन्हा बाहेर काढता येत नाही. घडी उलगडून, सपाट, सुती कापडात ठेवा म्हणून सांगितलं.

शेवटच्या भेटीत ताईंनी आत्यांना फोन लावला आणि मला दोन्ही कागद मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितले. मी सावकाश वाचले, अडेल त्या शब्दाचा अर्थ सांगत. आत्या मधे एकदाही बोलल्या नाहीत. फोन लागलेला आहे ना, हे मला दोनदा बघावं लागलं. वाचून झाल्यावर त्यांनी नवऱ्याचं विचारलं नाही, सावकाराचं विचारलं नाही, रकमेचंही नाही.

"बांगडी कुठं काढलीया तिनं?"

"खाली, आत्या. नावाच्या शेजारी."

"उजव्या अंगाला का डाव्या?"

मी कागद पुन्हा उचलून बघितला. "उजव्या."

"बरं," त्या म्हणाल्या. "एकदा घेऊन या. मला बोट लावून बघायचंय."